फिकट पट्टीचा माणूस

शाल्मली गद्रे यांनी पडद्यावरची पट्टी दोन बोटांनी मोठी केली, पुन्हा लहान केली आणि चष्मा कपाळावर सरकवून निवासकडे पाहिलं.

"तोडणकर, अमोनिया प्लांट चालवायला लागून किती वर्षं झाली म्हणालात?"

"पंचवीसच्या वर झाली, मॅडम. आयटीआय झाल्यापासून एकाच ठिकाणी आहे."

"मग इथे काहीच कसं नाही?"

निवासने पडद्याकडे पाहिलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत एक लांबट पट्टी होती आणि तिचा रंग सगळीकडे पेजेच्या पाण्यासारखा होता. मध्ये कुठेतरी दोन-चार पिवळसर शिंतोडे, बस्स. नमुना म्हणून भिंतीवर लावलेल्या पट्ट्या मात्र जांभळ्या होत्या, काही ठिकाणी तर जवळजवळ काळ्या.

"काहीच नाही म्हणजे काय? कॉम्प्रेसर, कंडेन्सर, टाक्या, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. आमच्या फॅक्टरीत अमोनियावर गोठवलेली कोळंबी जपानला जाते. एक खोकं कधी परत आलं नाही."

"हाताखालून गेलं असेल हो. डोक्यात नाही उतरलेलं," शाल्मली म्हणाल्या. त्यांना त्याला दुखवायचं नव्हतं. रोज असे चार लोक त्यांच्यासमोर बसायचे.

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या चौकात त्यांचं छोटं ऑफिस होतं. पूर्वी त्या लोकांना बायोडेटा लिहून द्यायच्या. मग बायोडेटा यंत्रं लिहायला लागली आणि तो धंदा बसला. नुसता त्यांचाच नाही, बायोडेटाचाच बसला. ज्याच्या त्याच्या अर्जात तेच तेजस्वी शब्द, तीच कामगिरी, तेच नेतृत्वगुण. उमेदवारांच्या यंत्रांनी लिहायचं, कंपन्यांच्या यंत्रांनी वाचायचं आणि शेवटी समोर येणाऱ्या माणसाला पाना धरता येतो की नाही हेसुद्धा कुणाला कळायचं नाही. कंपन्यांनी कागदावरचा विश्वास सोडून दिला.

तेव्हा ठसावाचन आलं. तत्त्व साधं होतं. ओळखीची गोष्ट दिसली की मेंदूत एक लहर उठते, डोळ्याची पापणी लवायच्या आत. ती रोखता येत नाही आणि खोटी आणता येत नाही. डोक्यावर हेल्मेटसारखा टोप घालायचा. त्याच्या आतले संवेदक मेंदूतले अगदी दुबळे चुंबकीय बदल टिपतात. समोर त्या त्या धंद्यातली शेकडो चित्रं झरझर सरकतात, झडपा, मीटर, पाइप, धोक्याचे दिवे. ज्याने ते नुसतं पुस्तकात वाचलंय त्याचा मेंदू गप्प राहतो. ज्याने ते जगलंय त्याचा उसळतो. प्रत्येक उसळीला रंग दिला की तयार झाली पट्टी. वशिला नाही, थापा नाही. सुरुवातीला सगळ्यांनाच वाटलं, आता न्याय मिळणार.

एक गोष्ट मात्र शास्त्रज्ञांना ठाऊक होती आणि कंपन्यांना ती ऐकायची नव्हती. मेंदू सगळंच सारख्या जोराने लिहीत नाही. माणूस घाबरला, हादरला की शरीरात एक रसायन उसळतं आणि मेंदूतला बदामाएवढा एक भाग आठवणीच्या केंद्राला बजावतो, हे नीट कोरून ठेव. जिथे काहीच अघटित घडत नाही, तिथे मेंदू शाई वाचवतो. हजार वेळा नीट बंद केलेली झडप त्याच्या लेखी एकच झडप असते, तीही फिकट.

"तुमच्या प्लांटवर कधी काही झालंच नाही?" शाल्मलींनी विचारलं. "मोठी गळती? आग? कुणाला इजा?"

"नाही," निवास म्हणाला. आजवर हे उत्तर तो मान ताठ ठेवून द्यायचा. आज ते तोंडातून गुन्हा कबूल केल्यासारखं निघालं.

"मी अर्जातले शब्द सजवून देईन. पण उठून दिसते ती पट्टी, शब्द नव्हेत. निवेखोल बंदराच्या शीतगृहात जागा निघाल्यात हे खरं. पण तिथे हजारांनी अर्ज येणार आणि यंत्र फिकट पट्ट्या आधीच बाजूला काढणार. माणसाच्या नजरेपर्यंत तुमचं नावसुद्धा जाणार नाही." त्यांनी पडदा मिटला. "काहीतरी घडायला हवं होतं हो तुमच्या बाबतीत."

*

फॅक्टरी दिवाळीला बंद होणार हे नक्की झालं होतं. मालकांच्या मुलांना मासे नको होते, जमीन हवी होती. निवास अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. घर स्वतःचं होतं, मुलगी लग्न होऊन मंगळुरूला सुखात होती, खायची ददात पडणार नव्हती. पण सकाळी उठून कुठे जायचं, हा प्रश्न त्याला सुटत नव्हता. पाळीवर गेला की तो आधी कॉम्प्रेसरच्या अंगावर तळवा ठेवायचा. आवाजात, थरथरीत किंचित फरक असला तरी त्याला कळायचं. घरात कशावर तळवा ठेवणार?

त्या रविवारी त्याचा साडू यतीन नागवेकर आला. बायकोच्या, तृप्तीच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. निवेखोल बंदराचं निळं जाकीट अंगात आणि उकडत असूनही ते काढायला तयार नाही.

"भाऊ, काय सांगू," सोलकढीची वाटी तोंडाला लावत तो म्हणाला. "नुसतं शीतगृह नाही ते, गावच आहे एक. अख्ख्या किनाऱ्याची मासळी, आंबा, औषधं, सगळं तिथे गोठणार. आपल्याकडच्या असल्या पन्नास फॅक्टऱ्या आत मावतील. शेजारी कामगारांची वसाहत, शाळा, बाग. आणि मी पाळीचा उपप्रमुख."

यतीनची हकिकत घरातल्या सगळ्यांना माहीत होती. चिपळूणच्या बाजूला एका बर्फाच्या कारखान्यात तो कामाला होता. भर दुपारी डुलकी लागली, टाकीची पातळी वर गेली, वायू बाहेर पडला. हा शिडीने छपरावर पळाला आणि खाली तीन बायका बेशुद्ध पडल्या. त्या वाचल्या, याची नोकरी गेली. तेव्हा त्याच्यासाठी शब्द टाकायला निवासच चार ठिकाणी गेला होता.

"त्यांनी विचारलं नाही, चूक कुणाची होती?" तृप्तीने विचारलं.

"कशाला विचारतील? यंत्राला चूक आणि बरोबर कळत नाही, ताई. त्याला खोली कळते. टाकीचं चित्र समोर आलं आणि माझी पट्टी काळी ठिक्कर. साहेब म्हणाले, असा अनुभवी माणूस आम्हाला हवाच." यतीन हसला, मग निवासचं तोंड बघून थांबला. "तुम्ही फार सांभाळून काम केलंत, भाऊ. तुमचं तिथेच चुकलं."

तो गेल्यावर तृप्ती ताटं उचलता उचलता म्हणाली, "त्याच्यापेक्षा तुम्ही कितीतरी चांगले आहात. एवढं त्या लोकांना कळू नये?"

ती सांत्वनाने बोलली होती. निवासला मात्र त्यात तक्रार ऐकू आली. पुढच्या आठवड्यांत गोव्याहून, रायगडहून, वेरावळहून नकार आले. सगळ्या नकारांची भाषा सभ्य होती आणि सगळ्यांचा अर्थ एकच होता. आपल्या उमेदवारीत अनुभवाची कमतरता आढळली.

अनुभवाची कमतरता! ते वाचून तो इतका वेळ हसत राहिला की तृप्ती स्वयंपाकघरातून बघायला आली.

*

मासेमारी बंदीचे दिवस होते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, फॅक्टरीतल्या बायका सुटीवर, प्लांट अर्ध्या ताकदीने चाललेला. पाळीवर दोघेच, निवास आणि इब्राहिम मुकादम.

इब्राहिम त्याच्याच वयाचा. दोघे एकाच वर्षी कामाला लागले होते. कॉम्प्रेसरमधलं थोडं तेल वायूबरोबर पुढे जातं आणि टाकीच्या तळाशी साचतं. ते अधूनमधून खालच्या झडपेतून बादलीत काढावं लागतं. सगळ्या कामांत हे धोक्याचं, कारण तेल संपलं की त्याच वाटेने अमोनिया येतो. नियम असा की काम दोघांनी करायचं, तोंडावर मास्क लावायचा आणि झडप बंद होईपर्यंत तिच्यावरचा हात काढायचा नाही. इब्राहिम झडपेवर बसायचा, निवास पाण्याचा पाइप धरून मागे उभा राहायचा. इतक्या वर्षांत त्यांना एकमेकांना काही सांगावं लागलं नव्हतं.

निवासने शुक्रवार निवडला. जुम्म्याच्या नमाजाला इब्राहिम जायचा, ती वेळ. सकाळी दोघांनी मिळून नेहमीप्रमाणे तेल काढलं. इब्राहिमने झडप बंद केली, वरून कपड्याने पुसली आणि दुपारी टोपी खिशात घालून तो बाहेर पडला.

निवासने मनात सगळं मांडून ठेवलं होतं. झडप थोडीशी उघडायची. वायू खोलीत पसरू द्यायचा, भोंगा वाजू द्यायचा. मग मास्क लावून आत शिरायचं, पाण्याचा फवारा मारायचा, झडप बंद करायची. इमारत रिकामी. वारा समुद्राकडे. कुणाला काही होणार नाही आणि डोक्यात काय कोरायचं ते कोरलं जाईल. चोरी नव्हती, खोटेपणा तर नव्हताच. भीती खरीच वाटणार होती.

त्याने झडप अर्धा फेरा उघडली. काहीच आलं नाही. आणखी थोडी उघडली. तरी नाही. थंडीने तळाशी तेल घट्ट होऊन नळीत त्याचा बोळा बसला होता. असा बोळा बसला तर झडप जास्त उघडायची नाही, आधी बंद करायची, हे त्याने स्वतः किती जणांना शिकवलं होतं. बोळा सुटला की मागून वायू येत नाही, द्रवच येतो, पिचकारीसारखा. हे सगळं त्याला त्या क्षणीही आठवत होतं. पण आज कशाला, उद्या बघू, असं म्हणून परत फिरण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती. त्याने झडप आणखी उघडली आणि बाहेरच्या कपाटातला मास्क आणायला तो गेला.

मास्कचा पट्टा तो डोक्यामागे आवळत होता, तेवढ्यात त्याला मागच्या दाराने कुणीतरी आत गेल्याचं जाणवलं.

"इब्राहिम!" तो ओरडला. मास्कच्या आत त्याचा आवाज त्याच्यापाशीच राहिला.

मग तो आवाज झाला. फुटल्यासारखा नाही, मोठं कापड टरकन फाटावं तसा. खोली क्षणात पांढरी झाली. निवास आत धावला. समोर इब्राहिम गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हात तोंडावर, आणि ज्या आवाजात तो ओरडत होता तो त्याचा नव्हता. क्षणभर हात काढून त्याने वर पाहिलं. निवासने त्याला काखेत धरून फरफटत बाहेर आणलं, उघड्या नळाखाली त्याचं तोंड धरलं, पुन्हा आत जाऊन झडप बंद केली, पुन्हा नळापाशी आला. बोटांनी त्याच्या पापण्या उघडून तो पाणी सोडत राहिला. अग्निशमनची माणसं आली तेव्हा निवासला इब्राहिमपासून ओढून काढावं लागलं.

डोळे वाचले नाहीत. अमोनियाला पाणी हवं असतं. जिथे ओल सापडेल तिथे तो शिरतो आणि जाळत जातो. डॉक्टरांनी हे शांतपणे समजावून सांगितलं, जणू निवासला ते ठाऊक नव्हतं.

*

नव्या पट्टीवरून निवेखोलहून बोलावणं आलं. मुलाखतीला निवासच्या डोक्यावर पुन्हा टोप चढवला गेला. चित्रं सरकू लागली. पंखा, मीटर, पाइप, पायऱ्या. मग तेल काढायची झडप आली. साधंसुधं चित्र, पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक लोखंडी झडप. निवासला नाकात वास आला. हाताच्या बोटांना इब्राहिमच्या पापण्यांचा स्पर्श झाला. पाठीवरून घाम निथळला.

यंत्र थांबल्यावर समोर बसलेले तिघे पडद्याकडे बघत राहिले. त्यातले एक वयस्क गृहस्थ हलकेच म्हणाले, "अद्भुत आहे! मोजपट्टीच्या बाहेर गेलीय रेघ."

"तुम्ही सहकाऱ्याला बाहेर काढलंत, असं इथे दिलंय," दुसऱ्या बाईंनी विचारलं. "त्या क्षणी काय वाटलं?"

"मीच..." निवास म्हणाला आणि त्याने तळव्याने तोंड पुसलं. त्याला खरंच सांगायचं होतं. तो शब्द ओठांपर्यंत आला होता.

"राहू द्या, राहू द्या," बाई घाईने म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आम्हाला दिसतंय."

त्यांना दिसत होती ती काळी रेघ. भय, शोक, अपराध, मेंदू सगळं एकाच शाईने लिहितो आणि यंत्राला फक्त शाई मोजता येत होती. आठवडाभरात नेमणूक आली. पाळीचा वरिष्ठ उपप्रमुख. यतीनच्या वरची जागा.

नेमणुकीची बातमी घेऊन तो इब्राहिमकडे गेला. जायचं टाळता येत नव्हतं. इब्राहिम पडवीत खुर्चीवर बसला होता, डोळ्यांवर हिरवं कापड. पावलांवरून त्याने ओळखलं.

"ये निवास, बस. रुकैय्या, चहा ठेव गं."

आतून भांड्यांचा जोरात आवाज झाला.

"रागावलीय माझ्यावर," इब्राहिम हळूच म्हणाला. "तिचंही चुकत नाही. मी रस्त्यापर्यंत गेलो होतो. तिथे एकदम मनात आलं, झडप नीट बसली की नाही? म्हणून परत फिरलो. किती आठवून पाहतोय, पण आठवत नाही रे. बंद केल्यासारखं वाटतं. पण बंद केली असती तर झालं असतं का? म्हणजे माझ्याच हातून राहिली. सगळ्या जन्मात एकदाच चुकलो आणि..." तो थांबला. "तू नसतास तर कबरीत गेलो असतो. रोज दुवा मागतो तुझ्यासाठी."

पडवीच्या कडेला एक कोंबडी पायाने माती उकरत होती. तिच्याकडे निवास बघत राहिला.

"पुढचं काय बघितलंस?" त्याने शेवटी विचारलं.

"काय बघणार?" बोलून गेल्यावर इब्राहिम स्वतःच किंचित हसला. "कानाने करता येईल असं काम मागायला त्या गद्रे मॅडमकडे गेलो होतो. कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून कुठे बिघाड आहे ते मी सांगतो, तुला माहीत आहे. त्या म्हणाल्या, पट्टी लागेल. यंत्र चित्रं दाखवतं. मला चित्रं दिसत नाहीत, तर माझा ठसा निघणार कसा? सगळी कोरी पट्टी आली, निवास. म्हणजे त्यांच्या हिशेबी मी आयुष्यात काही केलंच नाही."

निवास उठला. कामावर रुजू व्हायचंय, निघतो, असं काहीतरी पुटपुटला. खरं काय ते सांगायचं त्याने पुढच्या खेपेवर टाकलं. दारातून बाहेर पडताना रुकैय्या समोर आली. "निवासभाऊ, तुम्ही होतात म्हणून," एवढंच म्हणाली आणि पदराने तोंड झाकलं.

त्या संध्याकाळी तृप्तीने त्याची बॅग भरली. कपड्यांच्या घड्या घालता घालता खाली मान ठेवूनच तिने विचारलं, "रुकैय्याभाभी काल सांगत होत्या. तुम्ही धावत आलात तेव्हा तुमच्या तोंडावर मास्क होता. इब्राहिमभाईंना तेवढंच शेवटचं दिसलं म्हणे."

"होता."

"वायू सुटला तो ते आत गेल्यावर, आणि तुम्ही तर त्याच क्षणी आलात. मग तुम्ही मास्क आधीच कसा लावला होतात?"

बाहेर शेजारचा रेडिओ चालू होता. तृप्तीने घडी घातलेला सदरा बॅगेत ठेवला, चेन ओढली आणि बॅग दाराशी नेऊन ठेवली.

"वसाहतीतलं घर तुम्ही एकट्याचंच घ्या," ती म्हणाली. "मी येणार नाही."

*

निवेखोलचा नियंत्रण कक्ष काचेचा होता. खाली टाक्यांच्या रांगा, पलीकडे वसाहतीची लाल छपरं, शाळेचं मैदान. कक्षात आठ जण बसायचे. पाळीची प्रमुख होती नंदिता कारखानीस, चाळिशीची, मृदू आवाजाची बाई. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं नव्हती.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी ओळखी करून दिल्या. नाव सांगायचं आणि मग अपघात. एकाने बॉयलर फुटल्याचं सांगितलं, एकाने लिफ्ट कोसळल्याचं. यतीनने आपल्या बर्फाच्या कारखान्याची गोष्ट सांगितली. छपरावर पळाल्याचं त्याने गाळलं. निवासने आपली सांगितली. ऐकताना कुणी हळहळलं नाही. सगळे मान हलवत होते, एखाद्याचं शिक्षण ऐकावं तसं.

"किती झाले?" नंदिताने विचारलं.

"काय किती?"

"दिवस. ताजा असेल अजून. मग तुम्हाला दोन-अडीच वर्षं काळजी नाही."

तिने समजावून सांगितलं. ठसा कायम टिकत नाही. आठवण दर वेळी बाहेर काढली की मेंदू ती पुन्हा नव्याने लिहून ठेवतो आणि सुरक्षित जागी बसून लिहिलेली प्रत मूळ प्रतीपेक्षा फिकी असते. म्हणून कंपनी दरवर्षी सगळ्यांचं पुनर्वाचन करते. पट्टी ठरावीक रंगाच्या खाली उतरली की माणूस बाहेर. गेल्या वर्षी या कक्षातले तिघे असेच गेले होते. चांगले होते बिचारे, ती म्हणाली.

निवासने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला आरशात दिसायची तशीच नजर तिथे आणखी दोन-तीन ठिकाणी होती. विचारायची गरज नव्हती. त्यांनीही त्याच्याकडे पाहून ओळखलं असावं.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळच्या पाळीत, उत्तरेकडच्या टाकीचा पडद्यावरचा दिवा पिवळा झाला. झडपेपाशी अमोनिया सुटू लागला होता. अगदी थोडा. शेजारचा वायूच्या प्रमाणाचा आकडा एक पायरी वर चढला.

जुन्या फॅक्टरीत निवास अशा वेळी दिवा लागायच्या आधीच खुर्ची सोडून उठलेला असायचा. आताही त्याचे पाय जमिनीवर टेकले. मग त्याच्या लक्षात आलं की बाकी कुणीच हललेलं नाही. सातही जण आपापल्या जागी होते. बॉयलरवाल्याने हातातला कप खाली ठेवला होता आणि तो आकड्याकडे बघत होता. यतीनचे ओठ किंचित उघडे होते. मास्कच्या कपाटाकडे दोघांनी एकदमच नजर टाकली आणि एकमेकांची नजर चुकवली. आकडा आणखी एक पायरी चढला.

"कुणीतरी खाली जायला हवं," निवास म्हणाला.

"जाऊ की," नंदिता आपल्या मृदू आवाजात म्हणाली. "बसा, तोडणकर. वाढू दे थोडं. पुढच्या महिन्यात चौघांचं पुनर्वाचन आहे."

काचेपलीकडे शाळेची मधली सुटी झाली होती. मैदान भरलं होतं.

निवासने कपाट उघडून मास्क काढला आणि तो जिना उतरत सुटला. मागून कुणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडलं, बहुतेक यतीन. टाकीखाली वाकून त्याने झडप पाहिली. ती ढिली झालेली नव्हती. कुणीतरी ती नीट, मोजून, अर्धा फेरा फिरवली होती. त्याने ती बंद केली, पाणी मारलं, वास जाईपर्यंत तिथेच थांबला. सगळं इतकं साधं होतं की त्याच्या छातीचे ठोकेसुद्धा फारसे वाढले नाहीत.

तो वर आला तेव्हा दिवा हिरवा होता. सातही जणांच्या ताटातला घास त्याने उचलून नेला असावा, तसे सगळे त्याच्याकडे बघत होते. दुपारपर्यंत त्याने व्यवस्थापकांना फोन लावून सगळं सांगितलं. ते आस्थेने ऐकत होते.

"तुमचा ताण आम्ही समजू शकतो, तोडणकर. इतक्या मोठ्या प्रसंगातून गेलेल्या माणसाला सगळीकडे तेच दिसतं. आणि ही सगळी निवडलेली माणसं आहेत. देशातल्या सगळ्यात गडद पट्ट्या आहेत त्या खोलीत."

"मीसुद्धा आहे त्या खोलीत," निवास म्हणाला. "माझी पट्टी कशी झाली ते सांगू?" आणि त्याने सांगितलं. शुक्रवार, झडप, बोळा, मास्क, सगळं.

मग व्यवस्थापक म्हणाले, "चौकशी करतो. रीतसर कळवा. पुढच्या आठवड्यात बघू."

पाळी संपल्याचा भोंगा झाला. कक्षातले लोक डबे उचलून बाहेर पडले. समोरून दुसऱ्या पाळीचे आठ जण आत येत होते, गप्पा मारत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. त्यांच्यातल्या एकाच्या गालावर भाजल्याची जुनी खूण होती. रात्री तिसरे आठ येणार होते. चोवीस तासांतले आठच तास टाक्यांवर त्याची नजर असणार होती.

गेटवरच्या रखवालदाराने निवासचं कार्ड दांड्यावर टेकवून घेतलं आणि दांडा वर केला.

"चला साहेब. काय झालं?"

निवास टाक्यांकडे तोंड करून उभा होता. दांडा पुन्हा खाली आला, रखवालदाराने तो पुन्हा वर केला, मागे बस थांबून भोंगा वाजवू लागली. तो काही केल्या बाहेर पाऊल टाकेना.